दोन, पाच, दहा सीड्यांचा एकच अल्बम: डिजिटल लायब्ररीत तो एकच कसा ठेवायचा

एक सीडी कॉम्प्युटरवर उतरवणं सोपं असतं. सीडी आत घातली, बटण दाबलं, चहा होईपर्यंत गाणी हार्ड डिस्कवर. गोंधळ सुरू होतो तो त्याच संचातली दुसरी सीडी घातल्यावर. सगळा संच उतरवून झाला की प्लेअरमध्ये एका अल्बमच्या जागी सात अल्बम दिसायला लागतात. नाहीतर सगळं एकाच अल्बमात येतं, पण क्रम असा: पहिल्या सीडीचं पहिलं गाणं, दुसऱ्या सीडीचं पहिलं, तिसऱ्या सीडीचं पहिलं, मग सगळ्यांची दुसरी. सुट्या भावगीतांच्या संग्रहात हे एकवेळ खपून जाईल. गीतरामायणात मात्र रामजन्म व्हायच्या आधीच गाडी लंकेला पोचते.

म्हणून उदाहरणही गीतरामायणाचंच घेतो. गदिमांची ५६ गीतं, संगीत बाबूजींचं म्हणजे सुधीर फडक्यांचं. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालेली ही मालिका. एका ऑडिओ सीडीत ७४ ते ८० मिनिटं मावतात, त्यामुळे ५६ गीतं एकीवर बसणं शक्यच नाही. तुमच्याकडच्या संचात किती सीड्या आहेत ते पाकिटावर बघा. खाली मी हिशेबाच्या सोयीसाठी सात सीड्या आणि प्रत्येकीवर आठ गीतं असं धरलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाण्याच्या फाइलमध्ये गाण्याची माहिती ठेवायचे जे रकाने असतात, म्हणजे टॅग, त्यांत डिस्क नंबर हा स्वतंत्र रकाना असतो. अल्बमच्या नावात किंवा गाण्याच्या नावात 'सीडी २' लिहून तो भरून निघत नाही. नव्वद टक्के घोळ हा रकाना रिकामा राहिल्यामुळे किंवा त्याचं काम भलत्याच रकान्याकडून करून घेतल्यामुळे होतो.

आधी हे जवळ घेऊन बसा

- सीडी ड्राइव्ह. नवीन लॅपटॉपला नसतोच, यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह चालतो.
- सीडी उतरवायचं सॉफ्टवेअर: विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. तिन्हीकडे चालणारं हवं असेल तर फ्री-एसी.
- टॅग दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर: विंडोजवर एमपीथ्रीटॅग (मॅकवरची आवृत्ती विकत घ्यावी लागते), लिनक्सवर किडथ्री.
- म्युझिकब्रेन्झ पिकार्ड. मोफत आहे, इंटरनेटवरच्या म्युझिकब्रेन्झ या खुल्या माहितीसाठ्यातून टॅग आणून भरतं.
- संचाची पुस्तिका किंवा मागचं कव्हर. गाण्यांचा खरा क्रम तिथेच असतो. हरवली असेल तर कव्हरचे फोटो कुणाकडून तरी मागवून घ्या.
- जागा. ऑडिओ सीडीचा एक तास कच्च्या रूपात साधारण ६३५ एमबी होतो. फ्लॅक या आवाज न घटवता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये तो बहुतेक वेळा निम्म्या ते दोनतृतीयांशावर येतो, ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत १४४ एमबीवर. सात सीड्यांचा संच फ्लॅकमध्ये अडीच-तीन जीबी धरा.

१. हा खरंच एक अल्बम आहे का, ते ठरवा

सगळ्या सीड्या एका खोक्यात आल्या म्हणून तो एक अल्बम होत नाही. गीतरामायण एकच कृती आहे, ती सीड्यांमध्ये तोडली आहे ती निव्वळ जागेअभावी. अशा संचाचा एकच अल्बम हवा. एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण दोन सीड्यांवर आहे? तेही एकच. पण एखाद्या गायकाचे पूर्वी वेगवेगळे निघालेले पाच अल्बम कंपनीने नव्या खोक्यात घालून विकले असतील, तर मी ते पाच वेगळे अल्बम म्हणूनच ठेवतो, प्रत्येकाला त्याचं मूळ नाव आणि मूळ वर्ष देऊन. शोधताना आपल्याला आठवतं ते त्या अल्बमचं नाव. खोक्याचं नाव कुणाच्या लक्षात असतं?

बोनस सीडी हा मधला प्रकार. अल्बमबरोबरच आली असेल तर तिला डिस्क २ करून टाका.

आपल्याकडे आणखी एक प्रकार सर्रास मिळतो, एमपीथ्री सीडी. एकाच चकतीवर पन्नास-साठ गाणी. ती ऑडिओ सीडी नसते, साध्या फायली असतात. रिप करायची, म्हणजे सीडी उतरवायच्या सॉफ्टवेअरने काढायची, गरज नाही, नुसत्या कॉपी करा. त्यात डिस्क नंबरचा प्रश्न येत नाही, पण टॅग मात्र बहुधा कचरा असतात. गाण्याच्या नावात कंपनीचं नाव, गायकाच्या जागी वेबसाइटचा पत्ता, असलं काहीही. ते पुसूनच लायब्ररीत घ्या.

२. सीड्या एकामागून एक उतरवा, पण एका फोल्डरात नको

प्रत्येक सीडीला तात्पुरता वेगळा फोल्डर करा: डिस्क १, डिस्क २ आणि पुढे तसेच. सगळं एकत्र टाकलंत आणि सॉफ्टवेअरने फायलींना 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी नावं दिली, तर दुसरी सीडी पहिलीच्या फायलींवर लिहिली जाईल. फार तर सॉफ्टवेअर विचारेल, आणि आपण न वाचता 'येस' दाबू.

फॉरमॅट फ्लॅक ठेवा. त्यात आवाजातलं काहीही गळत नाही, आणि पुढे फोनसाठी एमपीथ्री लागलं तर फ्लॅकवरून केव्हाही करता येतं. एमपीथ्रीवरून फ्लॅक करून मात्र गेलेलं परत येत नाही.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत 'टेस्ट अँड कॉपी' वापरा. ते प्रत्येक गाणं दोनदा वाचतं आणि दोन्ही वेळचे पडताळणीचे आकडे जुळतात का ते दाखवतं. ॲक्युरेटरिप नावाचा एक माहितीसाठाही आहे. तुमची रिप इतरांनी काढलेल्या रिपशी जुळते का ते तो सांगतो, पण मराठी सीड्या तिथे सापडतीलच असं नाही. 'सापडली नाही' म्हणजे 'खराब आहे' असं समजू नका. दोन वेळचे आकडे जुळले की पुढे चला.

सीडी घातल्याघातल्या सॉफ्टवेअर इंटरनेटवरून नावं आणून दाखवतं. ती सीडीवरच्या गाण्यांच्या लांबीवरून ओळखलेली असतात आणि मुळात कुणा वाचकाने-श्रोत्याने भरलेली असतात. त्यामुळे पहिल्या सीडीला 'गीत रामायण', दुसरीला 'गीतरामायण व्हॉल्यूम २', तिसरीला इंग्रजीत काहीतरी तिसरंच, असं येणार हे धरून चाला. कधी कधी गाण्यांची लांबी योगायोगाने जुळली म्हणून भलत्याच भाषेतला अल्बमही समोर येतो. या टप्प्यावर नावं सुधारत बसू नका. सगळं उतरवून घ्या, मग एकदाच हात घाला.

३. अल्बम कशाने जुळतो: तीन रकाने सारखे, एक वेगळा

प्लेअर फोल्डर बघून अल्बम ठरवत नाहीत, निदान बहुतेक तरी. ते टॅग बघतात. सगळ्या ५६ फायली एका अल्बमात याव्यात यासाठी हे तीन रकाने सर्व फायलींत अक्षरशः सारखे हवेत:

- अल्बम: 'गीतरामायण'. बस. पुढे कंसात सीडी नंबर नाही, व्हॉल्यूम नाही, भाग नाही.
- अल्बम आर्टिस्ट: 'सुधीर फडके'.
- वर्ष: एकच. नॅव्हिड्रोमसारखे सर्व्हर, म्हणजे घरची लायब्ररी फोनवर-कॉम्प्युटरवर ऐकवणारी सॉफ्टवेअर, अल्बम जुळवताना प्रकाशनाची तारीखही बघतात. चार सीड्यांवर एक साल आणि तिघींवर दुसरं असलं तर दोन अल्बम होतात, आणि नाव तर तेच दिसतंय म्हणून आपण डोकं खाजवत बसतो.

आणि सीडीगणिक बदलणारा एक रकाना, डिस्क नंबर: पहिलीला १/७, दुसरीला २/७, शेवटचीला ७/७. एकूण सीड्यांचा आकडा नसला तरी चालतं, पण असावा. संचातली एखादी सीडी उतरवायची राहिली तर त्यावरून कळतं.

अल्बम आर्टिस्ट आणि आर्टिस्ट यांतला फरक नीट समजून घ्या. आर्टिस्ट म्हणजे ते एक गाणं कुणी म्हटलंय. अल्बम आर्टिस्ट म्हणजे तो अल्बम कपाटात कुणाच्या नावाखाली ठेवायचा. घरोघरी असतो त्या संचात सगळी गीतं बाबूजींच्याच आवाजात आहेत, तिथे दोन्ही रकाने सारखेच. पण आकाशवाणीवरच्या मूळ मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे अनेक गायक होते. अशा बहुगायकी संचात आर्टिस्टच्या रकान्यात त्या त्या गायकाचं नाव घाला आणि अल्बम आर्टिस्ट मात्र सगळ्या फायलींना एकच द्या. तो रिकामा सोडलात तर कित्येक प्लेअर आर्टिस्टवरून अल्बम पाडतात, म्हणजे जितके गायक तितके अल्बम.

मग ते एक नाव कोणतं? नाट्यगीतांचा किंवा भावगीतांचा मिश्र संच असेल तर 'विविध कलाकार'. संगीतकाराच्या नावाने संच निघाला असेल तर संगीतकार. नियमापेक्षा घरातली माणसं तो अल्बम काय म्हणून मागतात ते बघा, आणि एकदा ठरवलं की बदलू नका.

संगीतकार आणि गीतकार यांचे रकानेही वेगळे असतात, तेही भरा. आपल्याकडे गाणं गीत, संगीत, स्वर अशा तीन नावांनी सांगायची रीत आहे. गदिमांचं सगळं एकत्र काढायचं झालं तर गीतकाराचा रकानाच कामाला येतो. दोन गायक असतील तर नावं स्वल्पविरामाने जोडण्यापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळी मूल्यं द्या. एमपीथ्रीटॅगमध्ये त्यासाठी नावांच्या मध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा टाकतात. स्वल्पविरामाने जोडलं की ती जोडी लायब्ररीत तिसराच गायक म्हणून उभी राहते.

ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये हे सगळं 'गेट इन्फो'मध्ये मिळतं. तिथेच खाली 'कंपायलेशन'ची खूण असते, ती फक्त विविध कलाकारांच्या अल्बमला करा. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये डिस्क नंबरच्या रकान्याला 'पार्ट ऑफ सेट' म्हणतात. या नावामुळे तो समोर असूनही लोकांना सापडत नाही.

४. ट्रॅक नंबर: प्रत्येक सीडीला नव्याने १ पासून

दोन पद्धती आहेत. एक, प्रत्येक सीडीवर १ पासून सुरुवात. दुसरी, १ ते ५६ सलग. सलग नंबर दिले की डिस्क नंबर न ओळखणाऱ्या जुन्या प्लेअरमध्येही क्रम बरोबर राहतो, हा तिचा मोठा फायदा. तरीही मी पहिलीच पद्धत वापरतो, कारण पुस्तिका, सीडीचं कव्हर आणि म्युझिकब्रेन्झ तिन्ही तसंच मोजतात. बीटल्सचा १९६८ चा दुहेरी अल्बम, ज्याला सगळे व्हाइट अल्बम म्हणतात, त्यात ३० गाणी आहेत: पहिल्या डिस्कवर १७, दुसरीवर १३. 'दुसऱ्या डिस्कचं पहिलं गाणं' असंच कुणीही म्हणेल, 'अठरावं' कुणी म्हणत नाही.

गीतरामायणाला मात्र गीतांचा स्वतःचा सलग क्रम आहे, तिथे १ ते ५६ ठेवावेत असा मोह होतो. ठेवा हवं तर. फक्त एका अल्बमात दोन पद्धती मिसळू नका, आणि सलग नंबर दिले तरी डिस्क नंबरचा रकाना भराच.

एमपीथ्रीटॅगमध्ये हे काम मिनिटाचं आहे. सगळे फोल्डर एकदम उघडा, फायली पुस्तिकेतल्या क्रमाने लागल्या आहेत याची खात्री करा, मग 'टूल्स'मधून 'ऑटो-नंबरिंग विझार्ड'. तिथे प्रत्येक फोल्डरला नंबर पुन्हा १ पासून सुरू करायची खूण असते, ती करा. मग एकेका फोल्डरातल्या फायली निवडून डिस्क नंबर भरा.

कॅसेटवरून किंवा तबकड्यांवरून उतरवलं असेल तर 'ए' आणि 'बी' बाजूंना वेगळे डिस्क नंबर देऊ नका. एक कॅसेट म्हणजे एक डिस्क, दोन्ही बाजूंचे ट्रॅक सलग.

५. देवनागरीत टॅग भरताना

मी मराठी गाण्यांचे टॅग देवनागरीतच ठेवतो. रोमनमध्ये गदिमांची ओळ वाचवत नाही, आणि 'गीत' कुणी एका 'आय'ने लिहितो, कुणी दोन 'ई'ने. पण देवनागरीचे स्वतःचे सापळे आहेत, आणि ते इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात सापडत नाहीत.

पहिला, आकडे. डिस्क नंबर आणि ट्रॅक नंबर कायम इंग्रजी आकड्यांतच भरा. या लेखात मी १, २, ३ लिहितोय ते वाचायला. टॅगमध्ये देवनागरी १ टाकलात तर बऱ्याच सॉफ्टवेअरना तो आकडा वाटतच नाही, ते रकाना रिकामा धरतात. मराठी कीबोर्ड चालू ठेवून टॅग भरताना हे हमखास होतं.

दुसरा, डोळ्यांना सारखी पण मशीनला वेगळी दिसणारी अक्षरं. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप करता येतं, किंवा 'अ' टाइप करून त्यावर चंद्र देता येतो. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, आत दोन वेगळे संकेत. 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतल्या अर्ध्या र चंही तेच: एक कीबोर्ड तो एका पद्धतीने लिहितो, दुसरा त्यात न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतो. अर्ध्या सीड्यांचे टॅग फोनवरून आणि अर्ध्यांचे कॉम्प्युटरवरून भरले की अल्बमचं नाव सारखं दिसूनही अल्बम दोन होतात. उपाय एकच: अल्बमचं नाव आणि अल्बम आर्टिस्ट दर फाइलला टाइप करू नका. सगळ्या फायली निवडा, एकदाच लिहा, सेव्ह करा.

तिसरा, जोडून की तोडून. 'गीतरामायण' आणि 'गीत रामायण' हे मशीनच्या लेखी दोन अल्बम. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा हाही त्यातलाच प्रकार.

लायब्ररीत इंग्रजी आणि मराठी दोन्ही असेल तर देवनागरी नावं बहुतेक ठिकाणी 'झेड'च्याही खाली जातात. ते नको असेल तर 'सॉर्ट' नावाचे वेगळे रकाने असतात, अल्बम सॉर्ट आणि अल्बम आर्टिस्ट सॉर्ट. तिथे रोमन स्पेलिंग द्या. पडद्यावर नाव देवनागरीच दिसतं, क्रम मात्र रोमनप्रमाणे लागतो.

६. पिकार्ड वापरणार असाल तर

पिकार्डमध्ये सगळे फोल्डर ओढून टाका, 'क्लस्टर' करा आणि 'लुकअप'. बीटल्ससारखे अल्बम लगेच सापडतात, डिस्क नंबरसकट. मात्र उजवीकडे काय आलंय ते बघितल्याशिवाय सेव्ह करू नका. एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या सालांतल्या आवृत्त्या तिथे वेगवेगळ्या नोंदी असतात. पहिली सीडी एका आवृत्तीला आणि दुसरी भलत्याच आवृत्तीला जाऊन चिकटते, आणि प्रत्येक आवृत्तीचा स्वतःचा लांबलचक आयडी फायलींत लिहिला जातो. मग नाव, कलाकार, वर्ष सगळं हाताने सारखं केलंत तरी नॅव्हिड्रोममध्ये अल्बम दुभंगलेलाच, कारण तो आयडीला जास्त मान देतो. हा आयडी नेहमीच्या रकान्यांत दिसत नाही. एमपीथ्रीटॅगमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून 'एक्स्टेंडेड टॅग्ज' उघडा, तिथे दिसेल. दोन वेगळे आयडी असतील तर पिकार्डमध्ये सगळ्या फायली एकाच आवृत्तीवर ओढा, किंवा सगळ्यांतून आयडी काढून टाका.

मराठी संच तिथे नसेल तर खातं काढून तुम्ही स्वतः भरू शकता. खातं मोफत आहे. भरताना संचातल्या प्रत्येक सीडीला वेगळं माध्यम म्हणून जोडायचं असतं, वेगळा अल्बम म्हणून नाही. थोडा वेळ जातो, पण मग पुढच्या माणसाचा तोच संच आपोआप लागतो.

७. फोल्डर आणि फायलींची नावं

टॅग बरोबर असले तर फोल्डर कसेही चालतात, पण नीट ठेवलेले बरे. माझी रचना अशी: कलाकार, त्यात अल्बम, आणि त्यात सगळ्या फायली एकत्र. फाइलच्या नावात आधी डिस्क, मग ट्रॅक:

१-०१ स्वये श्री रामप्रभू ऐकती
७-०८ गा बाळांनो, श्री रामायण

ट्रॅकच्या आधी शून्य हवंच, नाहीतर कुठे तरी १ नंतर १० येतो. सीड्या दहा किंवा जास्त असतील तर डिस्कलाही शून्य लावा. वेगळे फोल्डर आवडत असतील तर अल्बमच्या फोल्डरात 'डिस्क १', 'डिस्क २' असे ठेवा. नॅव्हिड्रोमसारख्याच जेलीफिन या सर्व्हरला तेही समजतं, फक्त त्याच्यासाठी या उपफोल्डरांची नावं इंग्रजीत लिहा. नावं हाताने बदलू नका. एमपीथ्रीटॅगच्या 'कन्व्हर्ट'मध्ये 'टॅग टू फाइलनेम' आहे, ते टॅगवरून सगळ्यांची नावं एकदम बदलतं.

घरी नॅस (नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा) किंवा लिनक्सचा सर्व्हर असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. तिथे फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर छान असलेली लांब ओळ नॅसवर कॉपी होत नाही ती यामुळे. फाइलच्या नावात ध्रुवपदाचे तीन-चार शब्द पुरतात, पूर्ण ओळ टॅगमध्ये राहू द्या. आणि ओळीत प्रश्नचिन्ह असेल तर विंडोज ते फाइलच्या नावात घेत नाही, टॅगमध्ये घेतं.

८. मुखपृष्ठ

सगळ्या सीड्यांना एकच चित्र, साधारण ८०० ते १००० पिक्सेल, जेपीईजी. फोल्डरमध्ये एक प्रत इंग्रजीत 'कव्हर' नावाने. स्कॅनरमधून आलेलं दहा एमबीचं चित्र फायलींत घातलंत तर ५६ वेळा दहा एमबी जातील.

९. आवाजाची पातळी आणि मधले खंड

रिप्लेगेन, म्हणजे सगळं सारख्या आवाजात वाजावं म्हणून फायलींत लिहिलेली पातळीची नोंद, वापरत असाल तर ती सातही सीड्यांवर मिळून काढा. फुबार२००० या प्लेअरमध्ये सगळ्या फायली निवडून 'स्कॅन सिलेक्शन ॲज अ सिंगल अल्बम' म्हणायचं. सीडीवार काढलंत तर प्रत्येक सीडीची पातळी स्वतंत्र ठरते, आणि तिसरी संपून चौथी सुरू झाली की आवाज उगाच वरखाली होतो.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात एकच राग दोन-तीन ट्रॅकमध्ये तोडलेला असतो: विलंबित एकात, द्रुत दुसऱ्यात. एमपीथ्रीत अशा जोडावर बारीक खंड पडू शकतो, ऐन समेवर आला तर फार खटकतो. फ्लॅकमध्ये पडत नाही, प्लेअर बरा असला तर. सीडी बदलताना मूळ ध्वनिमुद्रणातच टाळ्या मंद होत गेल्या असतील तर त्याला इलाज नाही, आणि तो करूही नका.

१०. लायब्ररी पुन्हा वाचायला लावा आणि तपासा

सर्व्हरला पूर्ण स्कॅन करायला सांगा, नुसतं पान रिफ्रेश करून भागत नाही. मग तीन गोष्टी बघा: अल्बम एकच दिसतो का, गाणी ५६ आहेत का, आणि पहिलं 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' व शेवटचं 'गा बाळांनो, श्री रामायण' आपापल्या जागी आहेत का. टोकं बरोबर असून मध्ये चुकलं असेल तर एखाद्या सीडीचा डिस्क नंबर दुसरीला गेलेला असतो. एमपीथ्रीटॅगमध्ये डिस्क नंबरच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावा, प्रत्येक नंबराच्या आठ ओळी दिसल्या पाहिजेत.

तरीही अल्बम दोन दिसत असतील तर या क्रमाने शोधा: अल्बमच्या नावात जास्तीची जागा, अल्बम आर्टिस्ट रिकामा, वर्ष वेगळं, आयडी वेगळा. यांतलंच काहीतरी निघतं. सगळं जुळलं की लगेच दुसऱ्या हार्ड डिस्कवर एक प्रत काढा. गाणी सीडीवरून परत मिळतील, टॅग नाही.

११. गाडीसाठी पेनड्राइव्ह

घरचा प्लेअर शहाणा असतो, गाडीतला बहुधा नसतो. कित्येक गाड्यांचे स्टिरिओ डिस्क नंबर वाचतच नाहीत. ते फाइलच्या नावाचा क्रम धरतात, किंवा पेनड्राइव्हवर फायली ज्या क्रमाने कॉपी झाल्या तो. म्हणून सातव्या पायरीतली डिस्क-ट्रॅकची नावं इथे उपयोगी पडतात. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, आधी एमपीथ्री प्रती बनवा आणि पूर्ण फोल्डर एकाच वेळी कॉपी करा. गाणी मागाहून एकेक करून घातली तर ती शेवटी जाऊन बसतात. तसं झालंच तर फॅटसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरचा क्रम नावांप्रमाणे लावून देतं.

स्टिरिओच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर त्याच्याकडे मराठी फॉन्टच नाही. तेवढ्यासाठी मूळ लायब्ररीतले टॅग रोमन करू नका. गाडीच्या प्रतीपुरते करा आणि ती प्रत लायब्ररीच्या फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर सर्व्हर तीही वाचेल आणि गीतरामायण पुन्हा दोनदा दिसेल.